ॲडॅप्टर बसवलात, पण आतले नट कोण आवळणार?

मॅग व्हील, म्हणजे अलॉयच्या चाकांबद्दलची पत्रं थांबत नाहीत आणि घोळ दर वेळी तोच. दुसऱ्या गाडीची मॅग स्वस्तात मिळाली, भोकं जुळेनात, दुकानदार म्हणाला, "ॲडॅप्टर टाकू." म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतो.

स्पेसर आणि ॲडॅप्टर एकच ना? (वाचक, जुळे सोलापूर)

नाही. दोन्ही चकत्या चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्या मध्ये बसतात. स्पेसर चाक फक्त बाहेर सरकवतो. ॲडॅप्टर भोकांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडीच बदलतो आणि त्याला स्वतःचे स्टड, म्हणजे नट बसतात ते आट्यांचे दांडे असतात.

फियाटची ४ बाय ९८ ची मॅग माझ्या ४ बाय १०० च्या गाडीला चालेल का? फरक दोनच मिलिमीटरचा आहे. (वाचक, विजापूर रोड)

चालणार नाही. ४ बाय ९८ म्हणजे ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं. नट तिरके बसतील, आवळल्यासारखे वाटतील आणि स्टड कायम वाकलेल्या ताणात राहतील.

मित्राकडून क्रेटाची १७ इंची मॅग टायरसकट मिळतेय. स्विफ्टला ॲडॅप्टर लावून बसवू का? (वाचक, होटगी रोड)

स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, क्रेटाचा ५ बाय ११४.३. चारावरून पाचावर नेणारे ॲडॅप्टर मिळतात, त्यामुळे "बसेल" हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, अर्धवट आहे. स्विफ्टचा १८५/६५ आर १५ टायर साधारण ६२२ मिमी उंच, क्रेटाचा २१५/६० आर १७ जवळपास ६९०. वळताना टायर आत घासणार. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८९ च्या आसपास पळत असेल. त्यात ॲडॅप्टरच्या जाडीएवढं चाक बाहेर येतं, म्हणजे बेअरिंगवर जास्त भार. ४ बाय १०० चीच, बरोबर ऑफसेटची (चाक किती आत-बाहेर बसतं त्या मापाची) मॅग घ्या आणि पैसे देण्याआधी अलाइनमेंटवाल्याला दाखवा.

ॲडॅप्टर बसवून महिना झाला. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे असतात असं ऐकलं, म्हणून टायरवाल्याकडून आवळून घेतले. झालं ना? (वाचक, अक्कलकोट रोड)

नाही झालं. त्याने आवळले ते बाहेरचे नट. ॲडॅप्टर लावलेल्या चाकाला नटांच्या दोन रांगा असतात. बाहेरची रांग चाक ॲडॅप्टरला धरते, आतली ॲडॅप्टर हबला धरते. आतली रांग चाकामागे झाकलेली असते, म्हणून ती कोणी बघतच नाही.

चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून धरले जातात. मध्ये गंज, रंग किंवा धूळ राहिली तर ती हळूहळू दबते आणि ताण जातो. मग ॲडॅप्टर केसाएवढा हलू लागतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि एक दिवस तुटतो.

गेल्या उन्हाळ्यात तुळजापूरहून परतणारी एक गाडी माझ्याकडे आली. तक्रार एवढीच, की स्टिअरिंग थरथरतं. दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालं होतं. चाक काढलं तर आतल्या चार नटांपैकी दोन मी बोटांनी फिरवले. मागच्या सीटवर दोन लहान मुलं झोपली होती. ते दोन नट मला अजून आठवतात.

तेव्हा आजच चाक काढून घ्या. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने साफ करा. स्टडला तेल किंवा ग्रीस लावू देऊ नका. आतले नट हवेच्या गनने नाही, टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. ॲडॅप्टरसोबत वेगळा आकडा आला असेल तर आधी जाणकाराला विचारा. शंभर किलोमीटरनंतर हे पुन्हा करा आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला. पंक्चरवाला हे आपणहून करणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.

एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला निम्म्या किमतीत ॲडॅप्टर करून देतो म्हणतो. (वाचक, अशोक चौक)

त्याच्या हाताबद्दल शंका नाही, धातूबद्दल आहे. चांगले ॲडॅप्टर ६०६१-टी६ सारख्या जातीच्या, फोर्ज केलेल्या (दाबून घडवलेल्या) ॲल्युमिनियमचे असतात. भंगारातल्या गोळ्याची जात लेथवर कळत नाही. आणि गाडीचे मूळ स्टड ग्राइंडरने कापायला कोणी सुचवलं, तर गाडी तशीच परत आणा.

आरटीओ पकडेल का? (वाचक, सात रस्ता)

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करता येत नाही. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. तुमचा बदल त्यात येतो का, हे आरटीओत आणि विमा कंपनीला आधी विचारा. विम्याचं उत्तर लेखी घ्या.

२५ मिमीचे ॲडॅप्टर लावल्यापासून साठच्या पुढे घूंघूं आवाज येतो. गड्ड्याची यात्रा झाली की दाखवीन, चालेल ना? (वाचक, नवी पेठ)

नाही. वळणावर आवाज बदलत असेल तर बेअरिंगचा संशय जास्त, पण टायरही असू शकतो. गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय कळणार नाही. तोवर हायवेला नेऊ नका. आणि चाक काढतील तेव्हा शेजारी उभे राहून आतले नटही तपासून घ्या.