अपील बोर्डावर आले, पण उत्तरवादी हयात नाही

प्रश्न : आम्ही पंढरपूर तालुक्यातले. वडिलांनी 1989 मध्ये शेजाऱ्याकडून 80 आर जमीन नोंदणीकृत खरेदीखताने घेतली, ताबाही त्याच दिवशी घेतला. विकणाऱ्याच्या तीन मुलांनी 2003 मध्ये दावा लावला, की जमीन वडिलोपार्जित होती, विकण्याची निकड नव्हती, म्हणून खरेदीखत आमच्यावर बंधनकारक नाही. तालुक्याच्या कोर्टाने दावा फेटाळला. 2011 मध्ये जिल्हा न्यायालयाने तो निकाल फिरवून तिघांना मिळून ताबा द्यायचा हुकूम केला. वडील वारले होते, म्हणून आई, मी आणि सुरतला असलेला भाऊ अशा तिघांनी उच्च न्यायालयात द्वितीय अपील केले. 2013 मध्ये ते अ‍ॅडमिट झाले (सुनावणीसाठी घेतले गेले), स्थगिती मिळाली, आणि नंतर काहीच हालचाल नाही. ऑगस्ट 2021 मध्ये समोरच्या तिघांपैकी मधला भाऊ गेला. 2022 मध्ये आमचे मुंबईचे वकीलही वारले. आता मेसेज आला आहे की अपील कोल्हापूरला अंतिम सुनावणीसाठी लागले आहे. समोरचे म्हणतात, तुमची स्थगिती केव्हाच संपली. दावा 14 वर्षांनी लावला हा मुद्दा आमच्याकडून कोणी घेतलाच नव्हता, तो आता घेता येईल का? गावातल्या जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत का?

उत्तर : तुमचे प्रश्न स्थगितीचे, मुदतीचे आणि पुराव्याचे आहेत. खरा धोका मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलेल्या गोष्टीत आहे. मधला भाऊ, म्हणजे तुमच्या अपिलातला एक उत्तरवादी, वारला आणि त्याचे वारस रेकॉर्डवर आले नाहीत. बाकी सगळे नंतर, आधी हे.

पक्षकार वारल्यावर 90 दिवसांत वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास त्या व्यक्तीपुरते अपील आपोआप रद्दबातल ठरते, कोर्टाच्या भाषेत 'अबेट' होते. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. पुढच्या 60 दिवसांत हे अबेटमेंट रद्द करून मागता येते. तेही दिवस उलटले तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

"एकापुरतेच अबेट झाले ना, उरलेल्या दोघांविरुद्ध चालू द्या," असे कोणी सांगेल. तुमच्या प्रकरणात हे चालणे कठीण आहे. हुकूमनामा तिघांच्या नावे एकत्र आहे. मधल्या भावापुरता तो कायम झाला आणि उरलेल्या दोघांपुरता उच्च न्यायालयाने रद्द केला, तर एकाच 80 आरबद्दल एकमेकांच्या उलट दोन हुकूम उभे राहतात. असे होणार असेल तर संपूर्ण अपीलच पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध नाथू राम या प्रकरणात सांगितले आहे. समोरचा वकील सुनावणीला उभा राहून पहिले वाक्य हेच बोलेल, आणि तुमच्या खरेदीखतापर्यंत कोणी पोचणारच नाही.

त्यामुळे बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीवर, पुकारा होण्याआधी अर्ज दाखल झालेला हवा. त्यात तीन मागण्या येतात : विलंब माफ करावा, अबेटमेंट रद्द करावे आणि वारस रेकॉर्डवर घ्यावेत. विलंबाचे दिवस नीट मोजा. ऑगस्ट 2021 पासून मोजले तर आकडा विनाकारण फुगतो. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला आणि ज्यांची मुदत त्या काळात संपली त्यांना 1 मार्च 2022 पासून 90 दिवस दिले. म्हणजे तुमचे पहिले 90 दिवस मे 2022 च्या अखेरीस संपले आणि पुढचे 60 दिवस जुलै 2022 च्या अखेरीस. विलंब तिथून पुढचा.

विलंबाचे कारण लिहिताना एक चूक हमखास होते. "मृत्यूची माहिती आम्हांला आत्ताच मिळाली" हे साचेबंद वाक्य प्रतिज्ञापत्रात घालू नका. तुमचा बांधाला बांध आहे. तुम्ही दहाव्याला गेला असाल, तर ते सांगणारी पन्नास माणसे गावात आहेत, आणि खोटे प्रतिज्ञापत्र उघडे पडले की माफीची शक्यता तिथेच संपते. खरे कारण पुरेसे बळकट आहे : अपील 2013 पासून सुनावणीला लागलेच नव्हते, अपील प्रलंबित असताना वारस लावावे लागतात हे माहीत नव्हते, आणि सांगणारे वकीलच 2022 मध्ये गेले. वर्षानुवर्षे तारीखच नसलेल्या अपिलात पक्षकाराने समोरचा जिवंत आहे की नाही याची सतत चौकशी करत बसावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पेरुमोन भगवती देवस्वम विरुद्ध भार्गवी अम्मा या निकालात मान्य केले आहे. तुमच्या वकिलांनी तो अर्जासोबत जोडावा. आणखी एक : आपला पक्षकार वारल्याचे कोर्टाला कळवण्याची जबाबदारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 22 नियम 10-अ प्रमाणे समोरच्या वकिलावरही असते. त्यांनी कळवले नसेल तर तेही अर्जात लिहा.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्या. वारसांची यादी करताना लग्न होऊन गेलेल्या मुली आणि, हयात असेल तर, मृताची आई हटकून सुटते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. फेरफाराला फक्त मुलांची नावे लागली असतील तर त्यावर विसंबू नका. प्रत्येकाचे वय आणि आज राहतो तो पत्ता लिहा. कोणी अज्ञान (18 वर्षांखालील) असेल तर पालक नेमण्याचा अर्ज वेगळा. नोटिशीसाठी हमदस्त मागून घ्या, म्हणजे ती तुम्हीच नेऊन बजावू शकता. नाहीतर बजावणीचा अहवाल यायला दोन-तीन तारखा जातात.

आता वकील. वकील वारले की त्यांचे वकीलपत्र संपते, त्यामुळे कोणाची ना-हरकत लागत नाही. जुन्या वकीलपत्रावर त्यांच्या ज्युनिअरचीही सही असेल तर मात्र ते आजही तुमचे वकील आहेत. आधी त्यांना गाठा, कागदांची फाईल बहुधा त्यांच्याकडेच असेल. नवीन वकीलपत्रावर तिन्ही अपीलकर्त्यांच्या सह्या हव्यात. आईचा अंगठा असेल तर ओळख पटवणाऱ्याची सही घ्या, सुरतच्या भावाला कोरे वकीलपत्र पाठवून सही करून मागवा. एकाची सही राहिली म्हणून ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या कार्यालयाची हरकत) निघते आणि आठवडा जातो.

कोल्हापूरचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. मुंबईहून दप्तर आले तरी खालच्या कोर्टांचे मूळ रेकॉर्ड, ज्याला सगळे 'आर अँड पी' म्हणतात, सोबत आले आहे का हे वकिलांनी खात्यात जाऊन पाहावे. वेबसाइटवर दिसणारी पुढची तारीख आणि प्रत्यक्ष बोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डावर नाव आहे का आणि कितव्या नंबरला, हे आदल्या संध्याकाळी पाहायचे. नंबर 60 असेल तर 'नॉट रीच्ड' (पाळीच न येता) होऊन पुढे जाण्याची शक्यता मोठी. तरीही वकील हजर हवेत, कारण वरची वीस प्रकरणे एका दमात पुढे ढकलली गेली की 60 वा नंबर जेवणाच्या सुट्टीआधीच पुकारला जातो.

पहिल्या तारखेला काय मागायचे? "अर्ज करायचा आहे, वेळ द्या" आणि "अर्ज दाखल केला आहे, हा त्याचा स्टॅम्प नंबर, प्रत समोरच्या वकिलांना दिली आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्याला बहुधा चार आठवडे मिळतात. पहिल्यालाही मिळतील, पण जुनी अपिले निकाली काढायच्या बोर्डावर हे गृहीत धरू नये.

अपीलकर्त्यातर्फे कोणीच हजर नसेल तर अपील गैरहजेरीत काढून टाकले जाते. तेव्हा गुणदोषांवर निकाल देता येत नाही. 30 दिवसांत पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण तोवर स्थगितीही गेलेली असते आणि समोरचे ताब्यासाठी दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) घेऊन धावतात.

स्थगितीबद्दल समोरचे जे बोलतात त्याला आधार होता, आता नाही. 2018 च्या एका निकालामुळे सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप संपते असे धरले जात होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी ती दिशा रद्द केली. तुमच्या 2013 च्या हुकमाचे शब्द मात्र वाचा. "अपिलाच्या निकालापर्यंत" असे असेल तर निश्चिंत राहा. "पुढील तारखेपर्यंत" असे असेल आणि ती वाढवून घेतलेली नसेल, तर ताबडतोब मुदतवाढीचा अर्ज द्या.

प्रत्यक्ष युक्तिवादाकडे येऊ. द्वितीय अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली फक्त कायद्याच्या सारभूत प्रश्नावर चालते. साक्षीदार खरा की खोटा हे तिथे पुन्हा तोलले जात नाही. अ‍ॅडमिट करताना कोर्टाने कोणता प्रश्न काढला, ते त्या हुकमात दोन-चार ओळींत लिहिलेले असते. त्याची प्रत काढा. सगळा युक्तिवाद त्या ओळींभोवती फिरणार. तुमच्यासारख्या प्रकरणात सहसा निघणारा प्रश्न असा : खालच्या कोर्टाने निकड सिद्ध धरली असताना, तिची कारणे न खोडता जिल्हा न्यायालयाला निकाल फिरवता येतो का? आदेश 41 नियम 31 प्रमाणे पहिल्या अपिलाच्या कोर्टाने मुद्दे काढून त्यांवर कारणांसह निर्णय द्यावा लागतो, आणि निकाल उलटवताना खालच्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडावे लागते, हे संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या 2001 च्या निकालात स्पष्ट आहे. पण हा मुद्दा तुम्ही जिंकलात तर प्रकरण पुन्हा जिल्हा न्यायालयात पाठवले जाण्याचा संभव मोठा. आणखी पाच-सात वर्षे नको असतील, तर कलम 103 खाली उपलब्ध पुराव्यावरच इथे निर्णय द्यावा अशी पर्यायी मागणी वकिलांनी करून ठेवावी. खरेदीखतात विहीर, कर्ज, लग्न असे विक्रीचे कारण लिहिले आहे का ते पाहा. असेल तर त्या निशाणीचे (पुराव्यात क्रमांक पडलेल्या कागदाचे) पान बोटाखाली हवे.

मुदतीचा मुद्दा आता घेता येतो. दावा मुदतबाह्य असेल तर कोणी हरकत घेतली नसली तरी तो फेटाळणे हे कोर्टाचेच काम आहे, असे मुदत कायद्याचे कलम 3 सांगते. कलम 100 पोटकलम 5 च्या परंतुकाखाली, कारणे नोंदवून, नवा सारभूत प्रश्नही काढता येतो. अट एकच : लागणारी तथ्ये रेकॉर्डवर आधीच असली पाहिजेत. बापाने केलेली विक्री मुलाने रद्द करून मागायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद 109 प्रमाणे खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून 12 वर्षे मिळतात. ताबा 1989 चा, म्हणजे 2001. मुलगा तेव्हा अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षे, यांपैकी जे नंतर येईल ते. इथे दाव्याच्या शीर्षकातली वये काढून बघा. 2003 मध्ये धाकट्याचे वय 22 लिहिले असेल तर तो 1999 च्या सुमारास सज्ञान झाला आणि त्याची मुदत 2002 मध्ये संपली. तुमचा मुद्दा उभा राहतो. वय 19 लिहिले असेल तर निदान त्याच्यापुरता दावा मुदतीत बसतो. मग थोरला भाऊ त्या काळी कुटुंबाचा कारभार पाहत होता का, हा मुदत कायद्याच्या कलम 7 चा (थोरल्याची मुदत संपली की सगळ्यांचीच संपते का, याचा) प्रश्न येतो, आणि बाप हयात असून तोच कारभारी असेल तर तोही तुमच्या उपयोगाचा नाही. वकिलांना भेटायला जाताना दाव्याची प्रत विसरू नका.

प्रतिज्ञापत्रे गोळा करण्यात वेळ घालवू नका. द्वितीय अपिलात नवे साक्षीदार येत नाहीत, आणि अपिलात नवा पुरावा देण्याचा आदेश 41 नियम 27 चा दरवाजा फार अरुंद आहे. सातबारा आधीच निशाणी म्हणून लागला असेल तर पुन्हा देण्याचे कारण नाही. त्यापेक्षा खरेदीखत, जबाब आणि उलटतपासणी यांची इंग्रजी भाषांतरे आणि स्वच्छ टाइप प्रती करून घ्या. न्यायमूर्ती मराठी वाचणारे असतीलच असे नाही, आणि 1989 च्या मोडीवळणाच्या हस्ताक्षरावर अडखळत वाचलेला युक्तिवाद कोणालाच लागत नाही. सोबत तारीखवार घटनांचा एक पानाचा तक्ता, पेपरबुकच्या (अपिलाच्या कागदपत्रांच्या संचाच्या) पान क्रमांकांसह. अर्ध्या तासात प्रकरण संपू शकते, त्यात पाने उलटण्यात दहा मिनिटे जाता कामा नयेत.

तुम्ही स्वतः हजर राहणे सक्तीचे नाही. तडजोडीचा विषय निघेल असे वाटत असेल तर मात्र जा. वारसांत अज्ञान असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड टिकत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर तो वाचला जात असतानाच वकिलांनी उभे राहून स्थगिती आठ आठवडे चालू ठेवण्याची तोंडी विनंती करावी, आणि ती हुकमात लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला 90 दिवस मिळतात, पण ताब्याचे वॉरंट तोपर्यंत थांबत नाही.