तुम्ही विचारता: अज्ञान, कर्म, पुन्हा जन्म ही कारणांची साखळी अनादि, म्हणजे सुरुवात नसलेली असेल, तर ज्ञानाने ती तुटेल कशी?

अनादि म्हणजे अनंतच, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, प्रागभाव बघा. घडा घडण्याआधीच्या त्याच्या अभावाला सुरुवात नाही, पण घडा झाला की तो अभाव संपतो.

आमच्या सांगलीकडे हळदीचं बेणं मागच्या पिकातूनच ठेवतात. पहिलं बेणं कुठलं, कोण सांगणार? पण गड्डा एकदा शिजवला की पुन्हा उगवत नाही, आणि त्यासाठी मागची सगळी पिकं शिजवावी लागत नाहीत! योगभाष्यातला (योगसूत्रांवरच्या भाष्यातला) भाजलेल्या बीजाचा दृष्टांत हाच: ज्ञानाने भाजले गेल्यावर विषय समोर आले तरी क्लेशांना, म्हणजे अविद्या, राग, द्वेष यांसारख्या दोषांना, अंकुर फुटत नाही. शंकराचार्य आणखी पुढे जातात. मोक्ष हे कार्यच नव्हे, म्हणजे कारणातून निर्माण होणारी गोष्टच नव्हे, म्हणून त्याला या साखळीत जागाच नाही. मला हेच जास्त पटतं.