मॅट रंग दिलेल्या मॉडेल विमानावर डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ फिल्मवरची चिन्हं) चंदेरी का दिसतात?
मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खरखरीत असतो. त्या खळग्यांत हवा अडकते आणि डिकॅलच्या पारदर्शक फिल्मखालून चमकते. म्हणून रंग पूर्ण वाळला की आधी ग्लॉस वार्निशचे पातळ हात द्या, मग डिकॅल लावा आणि सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. युद्धविमानाचा तो निस्तेज रंग तेव्हा परत मिळतो.

पॅनल लाइनमध्ये, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचांत, डिकॅल नीट बसावं म्हणून सॉफ्टनर (फिल्म मऊ करणारा द्रव) वापरा. फिल्म सुरकुतेल, पण तेव्हा अजिबात हात लावू नका. वाळताना ती आपोआप ताणली जाते. १:७२ च्या, म्हणजे खऱ्या विमानापेक्षा ७२ पट लहान मॉडेलवर तर हा धीर फारच महत्त्वाचा.

आधीच लावलेलं डिकॅल खरवडू नका. चंदेरी जागी बारीक सुईने टोचून सॉफ्टनरचा थेंब सोडा, बऱ्याचदा तेवढ्यानं हवा निघून जाते.