‘तू कॉमेडीच कर’ म्हणाले, पण...

पत्र : माझी मुलगी एस.वाय. बी.कॉम.ला आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत तिने आत्याबाईचं काम केलं आणि विनोदी अभिनयाचं बक्षीस मिळवलं. बक्षीस देताना परीक्षक माईकवर म्हणाले, “तू कॉमेडीच कर, तुझी पर्सनॅलिटीच तशी आहे.” सभागृह हसलं. पोरगी घरी येऊन दोन दिवस धड बोलली नाही. ती अंगाने भरलेली आहे. तिला अभिनयच करायचाय, पण गंभीर कामंही करायची आहेत. तिचे बाबा बँकेत आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. ते म्हणतात, पदवी घे, बँकेच्या परीक्षा दे, नाटक रविवारी कर. एकदा विनोदी शिक्का बसला की तो निघतो का? – एक आई, कराड

ताई, नमस्कार.

परीक्षकांनी एका वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या, त्या आधी वेगळ्या करू. ‘कॉमेडी कर’ हे कौतुक आहे आणि ते खरं असणार, कारण बक्षीस उगाच मिळत नाही. ‘पर्सनॅलिटीच तशी’ हा मात्र आगाऊपणा होता. लेकीला राग आला असेल तर तो या दुसऱ्या भागाचा. पहिला भाग तिने जपून ठेवावा.

हे सांगायचं कारण म्हणजे कॉलेजात मी पाच वर्षं बॅकस्टेज केलं आहे. पडदा ओढायचा, प्रॉपर्टी मांडायची, पात्रांना चहा द्यायचा. आमच्या एकांकिकेत एक मुलगी शेजारीणबाई करायची. विंगेतून मी तिच्याकडे बघत बसायचे. वाक्य टाकलं की हशा यायचा. तो चढताना ती हातातली वाटी उगाच पदराने पुसत राहायची. हशा उतरायला लागला की, पूर्ण संपायच्या आत, पुढचं वाक्य. अर्धा क्षण आधी टाकलं तर वाक्य हशात बुडतं, अर्धा क्षण उशीर झाला तर प्रयोग ढेपाळतो. हे रडण्याच्या प्रसंगात करायला लागत नाही, तिथे प्रेक्षक गप्प असतात. म्हणून मला विनोदी काम करणाऱ्या नटाबद्दल जास्त आदर आहे. हा माझा पक्षपात समजा.

आता शिक्क्याचं. शिक्का असतो, खोटं कशाला सांगू? आपल्या पिढीत शाळेत जाड मुलीला ‘टुणटुण’ म्हणून चिडवायचे, आठवतंय? ते नाव ज्या बाईंवरून आलं त्या मूळच्या गायिका उमादेवी. आईबापाविना वाढलेली मुलगी, गाण्याच्या ओढीने एकटी मुंबईत आली. १९४७ च्या ‘दर्द’मध्ये नौशादांनी त्यांच्याकडून ‘अफसाना लिख रही हूँ’ गाऊन घेतलं आणि ते गाणं घरोघरी पोचलं. पुढे १९५० च्या ‘बाबुल’मध्ये त्या पडद्यावर आल्या आणि टुणटुण झाल्या. कामं कित्येक दशकं मिळाली, नाव झालं, पोट भरलं. पण बहुतेक सिनेमांत त्या आत आल्या की लोक हसायचे, तोंड उघडायच्या आधीच. कारण लेखकाने त्यांच्यासाठी त्यांच्या आकारापलीकडे फारसं काही लिहिलेलंच नसायचं. तुमच्या लेकीला त्या माईकवरच्या वाक्यात नेमकी हीच भीती दिसली असेल, आणि ती अगदीच खोटी नाही.

म्हणून मी मुलांना एकच खूण सांगते : लोक कशाला हसतायत ते बघायचं. अंगाला हसत असतील तर शिक्का बसतोय. त्या बाईच्या स्वभावाला, तिच्या हट्टाला, तिच्या कंजूषपणाला हसत असतील तर तुमचं काम वाढतंय.

भारती आचरेकरांचं काम या नजरेने बघा. ‘हमीदाबाईची कोठी’सारखं विजयाबाई मेहतांनी बसवलेलं गंभीर नाटक त्यांच्या नावावर आहे. मग १९८८ ला दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला मध्यमवर्गीय वागले, दिग्दर्शक कुंदन शाह. अंजन श्रीवास्तव वागले आणि या त्यांच्या बायको, राधिका. आठवून बघा, राधिकेचं कुठलं एक वाक्य म्हणून आठवतं का? मला तरी नाही. आठवते ती तिची सबुरी. नवरा कशाने तरी घाबरलेला आणि ही घरातलं काम न थांबवता त्याचं ऐकून घेतेय. आपल्या घरातल्या काकूच त्या. जोक त्यांच्या वाट्याला कमी आणि तरी हसू त्यांच्याकडे बघूनच यायचं. २०२१ मध्ये ती मालिका नव्याने आली तेव्हा तेच दोघं पुन्हा वागले आणि राधिका होते, आता सुमीत राघवनचे आईवडील म्हणून. तीस वर्षांनी तीच भूमिका परत मिळणं नायिकांच्या नशिबी क्वचितच असतं.

आणि ‘द लंचबॉक्स’ तिला मुद्दाम दाखवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात दिसतं. २०१३ चा सिनेमा, इरफान आणि निम्रत कौर. निम्रतच्या वरच्या मजल्यावर देशपांडे आंटी राहतात. खिडकीतून टोपली दोरीने खाली येते, मसाल्याचा सल्ला वरून ओरडून मिळतो, पण आंटी सिनेमाभर एकदाही दिसत नाहीत. फक्त आवाज, भारती आचरेकरांचा. या आंटींचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणात आहे, नजर छताच्या पंख्यावर खिळलेली. पंखा थांबला तर नवराही जाईल अशी त्यांना धास्ती, म्हणून पंखा बंद न करता, चालूच ठेवून त्या तो पुसतात! हे त्या अशा सुरात सांगतात की आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. त्या भूमिकेत चेहरा नाही, साडी नाही, अंग नाही. ‘पर्सनॅलिटीच तशी’ म्हणणाऱ्या परीक्षकांनी सांगावं, यात पर्सनॅलिटी कुठली?

तुम्ही म्हणाल, त्या माणिक वर्मांच्या कन्या, वंदना गुप्ते सख्खी बहीण, सूर आणि रंगमंच घरातच. बरोबर आहे. कराडच्या मुलीला ते आयतं मिळणार नाही, विकत आणि कष्टाने घ्यावं लागेल. म्हणून माझा पहिला सल्ला : या महिन्यापासून तिला गाण्याच्या क्लासला घाला. गायिका व्हायला नाही, श्वास आणि आवाजाची फेक सुधारायला. नाटकातली अर्धी मुलं नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत ऐकूच येत नाहीत.

उलट वाटही असते, तेवढं तिच्या कानावर घाला. सुप्रिया पाठक १९८१ च्या ‘कलयुग’मध्ये गंभीर भूमिकेत होत्या, २००२ मध्ये ‘खिचडी’ची हंसा झाल्या आणि २०१३ मध्ये ‘राम-लीला’त त्यांच्या धनकोर बाने अंगावर काटा आणला. नम्रता संभेराव ‘हास्यजत्रे’त स्किट करता करता २०२४ ला ‘नाच गं घुमा’त मुक्ता बर्वेसमोर आशाताई म्हणून उभ्या राहिल्या, भूमिका घरकाम करणाऱ्या बाईची.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. मी निम्मी त्यांच्या बाजूने आहे. बी.कॉम. पूर्ण करायचंच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा (एनएसडी) तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा अभिनयाचा असो की मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्‌सचा, पदवी लागतेच. एनएसडीला वर नाटकांत काम केल्याचा अनुभवही दाखवावा लागतो. तेव्हा स्पर्धांची प्रमाणपत्रं, जाहिरातपत्रकं, फोटो एका फायलीत लावायला लागा. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पदवीनंतर एम.ए.ही करता येतं. वयाच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पुण्यात शिकायला आली तर प्रायोगिक नाटकवाल्यांच्या तालमी बघायला मिळतील, ते शिक्षण वेगळंच.

बँकेच्या परीक्षेचा आग्रह मात्र सोडा. द्यायची असेल तर ती स्वतःहून देईल. पैशाचं गणित तिला तिच्या बाबांनीच शिकवावं, कारण या धंद्यात ते फार कच्चं असतं. नाटकात नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे पैसे, प्रयोग नसला की काही नाही. मालिकेत दिवसावर पैसे, आणि ते हातात पडायला सर्रास तीन-तीन महिने जातात. त्यातून टीडीएस कापलेला. मुंबईत निदान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवण गाठीशी असल्याशिवाय जाऊ नये. ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले तर उठून निघून यायचं. बी.कॉम. झालेली नटी आपलं बिल आपण बनवेल आणि कापलेला कर परतही मागेल. हसू नका, चांगल्या चांगल्या नटांना हे येत नाही.

पुढच्या स्पर्धेसाठी ग्रुपने तिला पुन्हा आत्याबाईच दिली तर तिने नाही म्हणू नये. फक्त लेखकाला एक विचारावं : या बाईला काय हवंय? उत्तर आलं नाही तर ते तिने स्वतः ठरवावं आणि त्याप्रमाणे करावं. शिवाय वर्षातून एक काम असं घ्यावं, ज्यात तिला हशा मिळणारच नाही.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एक करा. तिला कुठलाही चार मिनिटांचा गंभीर प्रवेश निवडू द्या आणि मोबाईलवर सेल्फ टेप करा, म्हणजे ऑडिशनला पाठवतात तसं घरीच चित्रण. मागे साधी भिंत, उजेड समोरून, पंखा बंद. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागे बसून कुणीतरी वाचायची असतात. ती तिच्या बाबांना वाचायला सांगा. टेप मला पाठवा, त्यांच्या आवाजासकट.