ओट्यावर कोण बसणार, ते आधी ठरव

यवतमाळ

चि. बेटा,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले जुन्या गुजरीच्या, म्हणजे रोजच्या भाजीबाजाराच्या, नूतनीकरणाचे नकाशे सवडीनं पाहिले. काम स्वच्छ आहे. दर्शनी कमानी आणि लोखंडी खांब तू राखलेस, हे पाहून बरं वाटलं. पण खाली शटरचे गाळे, वर सभागृह, मागे पार्किंग या सगळ्यात टोपलंभर वांगी आणि चार जुड्या सांभार (कोथिंबीर) घेऊन खेड्यावरून येणारी बाई कुठे बसते, ते काही मला सापडलं नाही. मग शेवटच्या पानावर तळटीप दिसली: ‘किरकोळ विक्रेत्यांसाठी बायपासवर पर्यायी जागा.’ माझं हे पत्र त्या तळटीपेबद्दल आहे. बाकीच्या नकाशाबद्दल फारशी तक्रार नाही.

नगरपरिषदेला शहराचा कायापालट हवा आहे आणि तो गुजरीपासून सुरू करायचा आहे. विचार चुकीचा नाही. आपल्याकडची बरीचशी तालुक्याची गावं बाजारानंच मोठी केली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बाजाराच्या कायद्याचा इतिहास शिकवताना कारंजाचं नाव पहिलं घेतात, कारण नियंत्रित बाजार देशात सर्वांत आधी तिथं, 1886 मध्ये सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला यायची ती आपली शकुंतला रेल्वे कापसासाठीच टाकलेली. तुझ्या गावातल्या त्या माड्या, जिनिंगच्या पडक्या भिंती, पेठेतली सागवानी दारं, सगळं त्याच पैशाचं. पुढे कापूस बाजार समितीच्या आवारात गेला. पेठेत उरली ती रोजची गुजरी आणि बुधवारचा बाजार. आता तीही उचलली तर पेठेत माणसानं यायचं कशाला?

एका बुधवारी हिशेब मांडून पाहा. बाई एसटीनं किंवा काळीपिवळीनं सकाळी येते. दुपारपर्यंत माल खपतो. हातात रोकडा आला की ती तशीच घरी जात नाही. मेडिकलमधून सासऱ्याच्या गोळ्या, पोराच्या वह्या, तुटलेली चप्पल, कुकरची रिंग, महिन्याचं तिखट-मीठ, आणि जमलं तर पावशेर भजे. सारं गुजरीपासून पायी जाता येईल अशा अंतरात. कापडवाला, भांडेवाला, शिंपी, सायकलवाला या सगळ्यांचा धंदा बुधवारी का चालतो, ते त्यांनाच विचार. बाजार बायपासवर गेला की बाई बायपासवरच उतरेल, विकेल आणि तिथूनच परत जाईल. मग पेठेतल्या दुकानांना तू कितीही सुंदर पाट्या लाव.

म्हणून आधी मोजणी कर. फॉर्म घेऊन जाऊ नकोस. फॉर्म दिसला की लोक एकतर घाबरतात, नाहीतर घरकुल मागतात. पहाटे हर्रासी (मालाचा लिलाव) सुरू होते तिथपासून रात्री दिवे मालवेपर्यंत थांब. कोणत्या गावाहून, कशानं, काय घेऊन आलं, किती वाजता उठलं आणि उठून कुठे गेलं, एवढं टिपून घे. बसायच्या जागेबद्दल विचारलंस तर ‘मले काय इचारता मॅडम, त्या ठेकेदाराले इचारा’ असं उत्तर येईल. ते जसंच्या तसं लिही. अहवालात त्याचा उपयोग होतो.

अमेरिकेतल्या सिॲटलच्या पाइक प्लेस बाजाराचा दाखला तू दिला आहेस. दाखला चांगला आहे, पण तू तो फक्त पर्यटनापुरता दिलास. 1907 च्या सुमारास त्या शहरात कांद्याचे भाव अवघ्या वर्षभरात कित्येक पटींनी चढले. पिकवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नव्हतं आणि मधला दलाल गब्बर होत होता. थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकानं शेतकऱ्यानं थेट विकावं असा प्रस्ताव आणला. 17 ऑगस्ट 1907 ला मोजक्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाईक एवढं लोटलं की माल दुपारच्या आत संपला. पुढचं जास्त महत्त्वाचं. 1942 मध्ये तिथल्या सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. त्या बाजारातले कितीतरी शेतकरी याच समाजातले होते. ओटे ओस पडले आणि बाजार खचत गेला. इमारत जागेवरच होती, बसणारे गेले होते. साठच्या दशकात ती पाडून नवं संकुल आणि पार्किंग उभारायचा बेत आला. व्हिक्टर स्टाइनब्रुक या वास्तुविशारद प्राध्यापकानं लोकांना गोळा केलं आणि 2 नोव्हेंबर 1971 ला मतदान होऊन बाजार राखायचा कौल मिळाला. सुमारे 7 एकरांचा भाग ऐतिहासिक ठरला. 1973 मध्ये बाजार चालवायला स्वतंत्र सार्वजनिक संस्था आली.

आता त्यांनी नेमकं काय राखलं, ते बघ. भिंतींइतकाच त्यांनी वापर राखला. कोणत्या जागेत कसला धंदा चालेल, यावरही तिथल्या समितीचं नियंत्रण असतं. शेतकऱ्याच्या मेजाचं भाडं दिवसापुरतं, आणि त्यावर स्वतः पिकवलेलंच विकायचं. साखळी दुकानांना मज्जाव. आवारात कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी घरं आहेत, दवाखाना आहे, पाळणाघर आहे. आज पर्यटकांची रीघ लागते ती या सगळ्यावर. तुझ्या आराखड्यात पर्यटक पहिल्या पानावर आणि विक्रेते तळटिपेत आहेत. आपल्या तालुक्याला पर्यटक येणार कुठून, हा प्रश्न मी सोडूनच देतो.

बार्सिलोनाचं सांता कातेरिना मार्केटही तुझ्या यादीत आहे. 2005 मध्ये उघडलेलं ते रंगीत लाटांचं छप्पर मला आवडतं. त्या शहराची 1991 पासून बाजारांसाठी स्वतःची संस्था आहे आणि ती नेटानं काम करते, हेही खरं. पण तिथं नव्या रचनेत ओटे कमी झाले आणि आत सुपरमार्केट आलं, हे फोटोत दिसत नाही. त्याच शहरातल्या ला बोकेरिया बाजारात पर्यटकांमुळे भाजी घेणं अवघड झालं. शेवटी 2015 मध्ये गर्दीच्या वेळी मोठ्या सहलींना बंदी घालावी लागली. बाजार फार देखणा झाला की अशीही पंचाईत होते.

बायपासबद्दल माझं मत सरसकट विरोधाचं नाही. पहाटेची हर्रासी, पोत्यांनी भरलेले ट्रक, अडत्यांची वजनं, हे पेठेतून हललं तर सगळ्यांचीच सुटका होईल. मुंबईत 1869 च्या क्रॉफर्ड मार्केटमधला घाऊक व्यापार 1996 मध्ये वाशीला गेला आणि किरकोळ बाजार जागेवर राहिला. आज तिथं धक्का खाल्ल्याशिवाय चालता येत नाही. पॅरिसनं याच्या उलट केलं. 1969 मध्ये घाऊक बाजार शहराबाहेर रुंजीसला हलवला, तिथपर्यंत ठीक. पण 1971 पासून जुन्या बाजाराचे, बाल्तार या वास्तुविशारदानं बांधलेले लोखंडी मंडपच पाडले. शहराच्या मधोमध कित्येक वर्षं नुसता खड्डा होता. 1979 मध्ये त्यात शॉपिंग सेंटर झालं, तेही लोकांना रुचलं नाही, आणि 2016 मध्ये त्यावर पुन्हा नवं छत चढलं. एवढा पैसा ओतायची ऐपत पॅरिसची होती, आपल्या नगरपरिषदेची नाही.

इमारतीबद्दल थोडं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. जुन्या गुजरीचं छप्पर उंच आहे, वरच्या झडपांतून गरम हवा निघून जाते, म्हणून दुपारी दोन वाजताही आत मेथी तग धरते. त्या जागी स्लॅब टाकलास तर अकरा वाजता भाजी माना टाकेल, आणि बाई बाहेर झाडाखाली जाऊन बसेल. मग तिला अतिक्रमण म्हणायला आपण मोकळे. तेव्हा छप्पर आहे त्याच उंचीचं ठेव. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवू देऊ नकोस, ओल आत कोंडते. उतार आणि नाली आधी, फरशी नंतर. एका कोपऱ्यात दिल्लीतल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेनं काढलेली शून्य ऊर्जा शीतकक्षाची रचना कर. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू आणि ती पाण्यानं ओली ठेवायची. कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली चालते, वीज लागत नाही आणि उरलेला माल रात्रभर टिकतो. रात्री माल ठेवायची सोय नाही म्हणूनच संध्याकाळी पाच वाजता टोपलं मातीमोल भावात फुंकावं लागतं. भावाचं अर्धं गणित तिथंच बिघडतं.

आणि बायकांसाठी मुतारी. कुलपाची नको, उघडी, पाणी असलेली. विक्रेत्यांत निम्म्याहून जास्त बाया असतील आणि त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, याचं कारण कुठल्याच सर्व्हेत येत नाही.

आता ठेका. बाजार वसुलीचा लिलाव होतो. ठेकेदार बोली चढवतो आणि ती ओट्यावरून वसूल करतो. गाळ्यांचंही तसंच. अनामत भरू शकेल तो मोबाईलचं नाहीतर कपड्याचं दुकान टाकतो. ती दुकानं पेठेत आधीच आहेत. म्हणून नकाशासोबत दरपत्रकही तूच सुचव. शेतकऱ्याच्या ओट्याचं भाडं दिवसाचं आणि कमीत कमी, बारमाही विक्रेत्याचं त्याहून थोडं जास्त, कडेच्या पक्क्या गाळ्यांचं बाजारभावानं. देखभालीचा खर्च या गाळ्यांतून काढायचा. दर मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचे आणि पावती द्यायची. वास्तुविशारदाचं हे काम नाही असं कुणीतरी म्हणेल. म्हणू दे.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, पण फार थोड्या लोकांनी तो वाचलेला असतो. 2014 चा पथविक्रेता कायदा काढ. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ जिथं पथविक्रेते धंदा करत आले, तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्यात लिहिलं आहे. बुधवारचा बाजार त्याहून कितीतरी जुना आहे, फक्त तो कागदावर आणायला हवा. पालिकेची जुनी ठरावबुकं, निस्तारपत्रक (गावच्या मोकळ्या जमिनीच्या वापराची नोंद), जिल्हा गॅझेटिअर, जुन्या वसुलीच्या पावत्या, मिळेल ते गोळा कर. इमारतीतले करारावरचे ओटे आणि बाहेर जमिनीवर बसणारे, यांची प्रकरणं वेगळी आहेत, ती एकत्र करू नकोस. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. तुमच्याकडे ती समिती नुसती फाईलमध्ये आहे की खरोखर बसते, हे मुख्याधिकाऱ्यांना नम्रपणे विचार. शिवाय 2016 मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आहे, त्यामुळे शेतकऱ्यानं थेट विकायला बाजार समितीचीही आडकाठी नाही.

संध्याकाळी ओटे रिकामे होतात, तेव्हा बचत गटांच्या बायांना खाण्याचे ठेले लावू देता येतील. आलूबोंडा, तर्री पोहे, हिवाळ्यात वांग्याचं भरीत. उजेड राहिला की पेठेत लोक रेंगाळतात. आजूबाजूच्या माड्यांच्या दुरुस्तीचं पुढच्या टप्प्यात बघ, आत्ता त्यात हात घातलास तर भाऊबंदकीच्या खटल्यांत अडकशील.

सर्वसाधारण सभेत मात्र ‘वारसा’ वगैरे बोलू नकोस, कुणी ऐकणार नाही. व्यापाऱ्यांचे नगरसेवक आहेत, त्यांच्यासमोर बुधवारच्या गल्ल्याचा हिशेब ठेव. कापडवाला आणि मेडिकलवाला तुझ्या बाजूनं उभे राहिले तर तळटीप आपोआप गळेल. त्यांना सभेच्या आधी भेट, सभेत नाही.

दुसरा नकाशा काढशील तेव्हा ओट्यांची उंची, रुंदी आणि दोन ओट्यांमधली वाट लिहून पाठव. टोपलं डोक्यावर घेऊन दोघी समोरासमोरून जाऊ शकतील एवढी वाट हवी. मागचा वसुलीचा ठेका किती रुपयांना गेला होता, तो आकडाही सोबत पाठव. लेखा विभाग देईना तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. उत्तराला महिना लागतो, तेव्हा अर्ज याच आठवड्यात जाऊ दे.

तुझा,
काका