इंग्रजी लिहिताना हायफन नक्की कुठे द्यायचा? 'वेल नोन'मध्ये तो कधी दिसतो, कधी नाही, असं का? आणि 'फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय' असं लिहिताना तो कुठे येईल?

'अ वेल-नोन रायटर' यात हायफन हवा, 'द रायटर इज वेल नोन' यात नको. शब्दांची जोडी नामाच्या आधी येऊन विशेषणाचं काम करत असेल तर बांधायची, क्रियापदानंतर आली तर बहुधा मोकळी सोडायची. मी भाषांतरं तपासतो. बरेचसे हायफन एवढ्यावरच मार्गी लागतात.

आपण मराठीत समास सलग लिहितो. 'नरभक्षक' वाचून कोण कोणाला खातंय, हा प्रश्न पडत नाही. इंग्रजीत शब्द सुटे. 'मॅन ईटिंग शार्क' म्हणजे शार्क खात बसलेला माणूस, आणि 'मॅन-ईटिंग शार्क' म्हणजे माणसं खाणारा शार्क!

माझं आवडतं उदाहरण 'थ्री हंड्रेड इयर ओल्ड ट्रीज'. 'हंड्रेड-इयर-ओल्ड' एवढंच जोडलं तर शंभर वर्षांची तीन झाडं. 'थ्री'ही जोडला तर तीनशे वर्षांची झाडं, किती ते कळत नाही. फक्त 'इयर-ओल्ड' जोडलं तर वर्षभराची तीनशे रोपं. म्हणून अडलं की मी शाळेतल्यासारखा विग्रह करून बघतो आणि जे शब्द एकत्र सुटतात तेच बांधतो.

'ली'ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर मात्र हायफन नको: 'न्यूली बिल्ट हाउस'. 'फॅमिली-ओन्ड'मधला 'ली' फसवा आहे; फॅमिली हे नाम, तिथे हायफन लागतोच.

उपसर्गांना सहसा हायफन लागत नाही, पण अर्थ उलटत असेल तर सांभाळा. नोकरीच्या कराराची मुदत संपत आली होती, तेव्हा मी 'आय वुड लाइक टू रिसाइन' असं लिहून पाठवलं. म्हणायचं होतं, पुन्हा सही करतो. 'री' आणि 'साइन'मधला हायफन गाळल्यामुळे तो राजीनामा झाला. नशीब, साहेबांनी आधी फोन केला.

साध्या जोडनामांना नियम लावत बसू नका, शब्दकोश उघडा. २००७ साली 'शॉर्टर ऑक्सफर्ड' कोशाच्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. 'आइस क्रीम' दोन सुटे शब्द झाले, 'बंबलबी' एक सलग शब्द. त्यामुळे जुन्या पुस्तकात दिसलं म्हणून आजही तसंच असेल, असं नाही. दोन कोशांतही फरक सापडेल. एक धरा आणि तोच चालवा.

राहिलं तुम्ही प्रश्नात दिलेलं 'फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय'. तिथे दोन हायफन येतील आणि 'इयर्स'चा एस जाईल: 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड' लिहिलंत की एस परत येतो आणि दोन्ही हायफन जातात.