गोल्फ क्लबात तेच तेच लोक जिंकतात, हँडिकॅप खरे कसे ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या तुमच्या गोल्फ क्लबात २२-२४ हँडिकॅपचे (म्हणजे कौशल्यानुसार तेवढ्या शॉटची सूट मिळणारे) तेच दोघे-तिघे दर महिन्याच्या स्पर्धेचं मेडल नेतात, बाकीचे कुरकुरतात आणि कमिटी म्हणते, "गणित सॉफ्टवेअर करतं, आम्ही काय करणार?" अशा वेळी हँडिकॅप खरे कसे ठेवायचे?

मी इथल्याच एका क्लबच्या हँडिकॅप कमिटीवर काम करतो. माझं स्पष्ट मत आहे की गणितात खोट नाही, पाणी मुरतं ते स्कोअरकार्डांमध्ये. २०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगल्या ८ राउंडची सरासरी धरतात, तोच खेळाडूचा हँडिकॅप इंडेक्स. म्हणजे कुणी मुद्दाम दोन-चार वाईट कार्डं टाकली तरी इंडेक्स फारसा हलत नाही, कारण ती त्या ८ मध्ये येतच नाहीत. इंडेक्स फुगतो तो चांगली कार्डं खिशात ठेवल्यामुळे. रविवारी फोरबॉलमध्ये (दोन-दोनच्या जोड्यांच्या खेळात) ८८ शॉट मारले, म्हणजे चांगला खेळ, चहा घेतला, घरी गेले. बुधवारी ९९ झाले, ते मात्र लगेच टाकले. अशी सहा महिने सवय लागली की २४ वाला कागदोपत्री २४ च राहतो आणि मैदानात १८ सारखा खेळतो.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. स्टार्टरच्या (खेळ सुरू करून देणाऱ्याच्या) रजिस्टरमध्ये रोज कोण खेळलं ते लिहिलेलं असतंच. आठवड्यातून एकदा ते रजिस्टर आणि आलेली कार्डं शेजारी ठेवून बघा. ज्याच्या नावासमोर खेळ आहे पण कार्ड नाही, त्याला फोन करा. नियमांत बसणाऱ्या राउंडचं कार्ड दिलंच नाही, तर कमिटी खरा स्कोअर शोधून नोंदवू शकते किंवा पेनल्टी स्कोअर लावू शकते. हा अधिकार नियमांतच आहे, म्हणून "आम्ही काय करणार" हे उत्तर मला अजिबात पटत नाही.

दिलेल्या पटांकडेही (न मारताच सोडून दिलेल्या शेवटच्या छोट्या शॉटकडेही) लक्ष द्या. ज्या फॉर्मॅटमध्ये पट सोडता येतो, तिथे उचललेल्या बॉलला मनाला येईल तो आकडा लिहायचा नसतो. बॉल ५ फुटांच्या आत असेल तर एक शॉट वाढवायचा, त्यापलीकडे २० यार्डांपर्यंत दोन किंवा तीन. आणि एखाद्या होलवर ११ झाले तरी हँडिकॅपसाठी नेट डबल बोगीपर्यंतच धरायचे, म्हणजे पार (त्या होलचे ठरलेले शॉट) अधिक दोन, अधिक त्या होलवर सूट मिळणारे शॉट. पार ४ वर एक शॉट मिळत असेल, तर ७. हे कार्डावर हाताने नीट लिहिलं जातं का, ते मार्करने (स्कोअर तपासणाऱ्या सोबतच्या खेळाडूने) सही करण्याआधी बघायला हवं. आपल्याकडे बरेच मार्कर न बघताच सही करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुंबईत पावसाळ्याचा मुद्दा वेगळा येतो. जुलैत फेअरवेवर बॉल पडला की जागच्या जागी रुततो, रोल मिळत नाही, सगळ्यांचेच स्कोअर चढतात. त्या दिवसासाठी सिस्टिम स्वतःच दुरुस्ती करते, -१ पासून +३ पर्यंत. पण त्यासाठी ३६ किंवा त्याखालच्या इंडेक्सच्या खेळाडूंची किमान ८ कार्डं त्याच दिवशी यावी लागतात. कार्ड दोन दिवसांनी टाकलं, तर ते त्या हिशेबात येत नाही. म्हणून कार्ड त्याच संध्याकाळी, हा नियम आमच्याकडे कडक आहे.

विलिंग्डन क्लबचा माणूस चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर पाहुणा म्हणून आला, तर त्याचा इंडेक्स तोच राहतो, पण कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर मिळणारे शॉट) त्या कोर्सच्या स्लोप आणि रेटिंगवरून, म्हणजे कोर्स किती अवघड आहे ते सांगणाऱ्या आकड्यांवरून, पुन्हा काढावा लागतो. पाहुण्यांच्या स्पर्धेत हे विसरलं की भांडण ठरलेलं.

आता तुमच्या त्या दोघा-तिघांबद्दल. त्यांचे मेडलचे आणि साध्या राउंडचे स्कोअर वेगवेगळ्या रकान्यांत मांडा. मेडलला सातत्याने पाच-सहा शॉट चांगलं खेळत असतील, तर कमिटीने हँडिकॅप रिव्ह्यू करावा. इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त शॉट चांगला डिफरन्शियल (कोर्सची अवघडता धरून काढलेला राउंडचा आकडा) आला, तर सिस्टिम आपोआप १ कापते, १० किंवा जास्त असेल तर २. त्यापुढे कमिटीला स्वतःहूनही कापता येतं, निदान पूर्ण एक शॉट. मात्र त्या सदस्याला आधी बोलवा, आकडे समोर ठेवा, त्याचं म्हणणं ऐका. कधी कधी माणूस खरंच सुधारलेला असतो, कोचकडे जात असतो, आणि त्याच्या पाठीमागे चाललेली कुजबुज त्याच्यावर अन्याय करणारी असते. बारमध्ये बसून कुणाला 'बँडिट' (मुद्दाम हँडिकॅप फुगवणारा) म्हणण्याआधी त्याची शेवटची २० कार्डं मागवून बघा.

कमिटीत त्यांचा नेहमीचा फोरबॉल पार्टनर असेल, तर त्या बैठकीपुरतं त्याला बाहेर बसायला सांगा.